जुनी लक्झरी गाडी: कंडिशन कशी ओळखायची, भाव किती द्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात लोकांसाठी जुन्या गाड्या तपासून देतो. गाडी विकत नाही, दलाली घेत नाही, फक्त तपासणीची फी घेतो. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, व्होल्वो, जॅग्वार, लँड रोव्हर यांच्याबद्दल फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. स्विफ्ट किंवा क्रेटा घेणाऱ्याला यातलं निम्मं लागणार नाही.

साठ लाखांची गाडी सात वर्षांत पंचवीस लाखांना कशी मिळते? काहीतरी गडबड असणारच ना?

बहुतेक वेळा नसते. पहिल्या मालकाने गाडीवर जे ओतलं, त्यातलं बरंच परत मिळणारं नव्हतंच. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के एकरकमी रोड टॅक्स असतो. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर तोच २० टक्के होतो. त्यात नवं मॉडेल आलं की जुन्या चेहऱ्याचा भाव आणखी पडतो. कंपनीच्या नावावरच्या गाडीचा घसारा हिशोबात आधीच लागलेला असतो, त्यामुळे तो मालक फार ताणून धरत नाही.

घोळ पुढे आहे. गाडीचा भाव उतरला तरी तिच्या सुट्या भागांचा भाव उतरत नाही. हेडलाइट, एअर सस्पेन्शनचा (म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणाऱ्या यंत्रणेचा) कॉम्प्रेसर, मागचा कॅमेरा यांची बिलं साठ लाखांच्या गाडीचीच येतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण या धंद्यात रोज खरी होते. म्हणून माझा साधा नियम आहे: गाडीचा भाव मागच्या सात वर्षांवर ठरवू नका, पुढच्या दीड वर्षात तिच्यावर किती खर्च येणार त्यावर ठरवा. खाली जे काही लिहिलंय ते या एका आकड्यापर्यंत पोचण्यासाठी.

मग योग्य भाव काढायचा कसा?

कागद-पेन घ्या. उदाहरण म्हणून २०१८ ची मर्सिडीज ई २२० डी धरू. पुणे पासिंग, पहिला मालक, ६२ हजार किलोमीटर, मागणी २९ लाख. हे आकडे पद्धत समजावी म्हणून घेतलेत, आजचा बाजारभाव म्हणून नाही.

आधी त्याच वर्षाच्या, त्याच इंजिनाच्या आठ-दहा जाहिराती बघा. सगळ्यात वरच्या दोन आणि सगळ्यात खालच्या दोन सोडून द्या. वरच्या मालकांचा गाडीत जीव अडकलेला असतो आणि खालच्या गाड्यांत काहीतरी लपलेलं असतं. मधल्या जाहिराती समजा २८ लाखांच्या आसपास येतात. जाहिरातीतला आकडा म्हणजे मागणी. सौदा त्याखाली तुटतो. माझ्या अनुभवात या थरातल्या गाडीला लाख-सव्वा लाखाचा फरक सहज पडतो. म्हणजे २६ लाख ७५ हजार धरा.

आता तपासणीत निघालेली कामं वजा करा. टायर २०१८ चेच आहेत, चारही बदलायचे: ९० हजार. पुढच्या ब्रेक डिस्क आणि पॅड: ६५ हजार. सर्व्हिसची तारीख उलटून गेली आहे: ४० हजार. हे आज करायचं काम, म्हणून पूर्ण वजा, एकूण १ लाख ९५ हजार. गिअरबॉक्सचं तेल वर्षभरात बदलावं लागेल, ४५ हजार. ते काम तुमच्या वापरातही मोडतं, म्हणून निम्मं धरा, साडेबावीस हजार. उरले २४ लाख ५७ हजार ५००. ही तुमची वरची मर्यादा. बोली साडेतेवीसपासून सुरू करा.

पहिल्या दिवसापासूनची सगळी बिलं फाइलमध्ये लावून समोर ठेवणारा मालक भेटला तर मी स्वतः लाखभर जास्त द्यायला सांगतो. अशी माणसं कमी असतात आणि त्यांच्या गाड्या पटकन उठतात.

एक ताजी गोष्ट लक्षात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा कर बदलला. आधी जीएसटी आणि सेस मिळून ४५ ते ५० टक्के लागायचे, ते सरळ ४० टक्के झाले. नवी गाडी काही लाखांनी उतरल्यावर जुनीही उतरायला हवी. पण त्याआधीचा भाव डोक्यात धरून बसलेले विक्रेते अजून भेटतात. नव्या गाडीची आजची किंमत काढून ठेवा आणि बोलताना शांतपणे पुढे सरकवा.

विम्याच्या कागदावर आयडीव्ही ३१ लाख लिहिलीय. म्हणजे गाडी तेवढ्याची आहे ना?

नाही. आयडीव्ही म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ती एका ठरावीक कोष्टकातून येते: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के वजा, दोन ते तीन वर्षांना ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. पाच वर्षांनंतर विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. त्या कोष्टकाला तुमच्या गाडीचे टायर दिसत नाहीत.

त्याच कागदावर मात्र दुसरा एक आकडा जरूर बघा: नो क्लेम बोनस. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. सात वर्षांच्या, एकाच मालकाच्या गाडीच्या पॉलिसीवर शून्य दिसलं तर विचारा, क्लेम कशाचा होता? कधी उत्तर साधं असतं. नूतनीकरणाला ९० दिवसांपेक्षा उशीर झाला, तरी बोनस जातो. कधी उत्तर देताना माणूस खिडकीबाहेर बघायला लागतो.

मीटर मागे फिरवलंय हे कसं कळतं?

यावर सविस्तर लिहितो, कारण लोक फसतात ते बहुधा इथेच. स्क्रीनवरचा आकडा बदलणं हे लॅपटॉपवर थोड्या वेळाचं काम आहे. पण आकडा फक्त स्क्रीनवर नसतो. बीएमडब्ल्यूत तो चावीतही साठवला जातो. कित्येक गाड्यांत गिअरबॉक्स आणि इतर मॉड्यूलमध्येही, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांमध्येही, खुणा राहतात. या कॉम्प्युटरांतली माहिती वाचणारा स्कॅनर नीट लावला की ५८ हजारांच्या गाडीच्या पोटातून कधीतरी १ लाख १२ हजार बाहेर येतात. फिरवणारा हुशार असेल तर तो तेही पुसतो. म्हणून मी एकट्या स्कॅनरवर विसंबत नाही.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबरवरून पूर्ण इतिहास मिळतो, पण ते तो मालकालाच देतात. म्हणून मालकाला सोबत घेऊन जा किंवा त्याच्याकडून मागवून घ्या. "सर्व्हिस बाहेर केली" हे उत्तर आलं तर बाहेरची बिलं मागा. बॅटरीच्या वॉरंटी कार्डावरही बहुतेक वेळा किलोमीटर लिहिलेले असतात. ते कार्ड डिकीत किंवा मॅन्युअलच्या पाकिटात सापडतं आणि पुसणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

माझी आवडती तपासणी फास्टॅगची आहे. मालकाला सांगा, गेल्या दोन वर्षांचं स्टेटमेंट दाखवा. मागे बाणेरच्या एका गृहस्थांनी ३८ हजारांची ऑडी दाखवली. "फक्त रविवारी काढतो," म्हणाले. स्टेटमेंटमध्ये आठवड्याला दोनदा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, जाऊन-येऊन. एका फेरीचे तीनशे किलोमीटर धरले तरी आठवड्याला सहाशे, वर्षाला तीस हजार. तो मीटर कुणी फिरवला हे मला कळलं नाही, आणि कळून करायचं काय होतं?

डोळ्यांनाही बरंच दिसतं. स्टिअरिंगचं चामडं डावी-उजवीकडे गुळगुळीत होऊन चकाकतं. ब्रेकच्या पेडलचं रबर झिजतं. चालकाच्या सीटची दाराकडची कड दबते. ४० हजारांच्या गाडीला नवं पेडल रबर आणि नवं सीट कव्हर असेल तर तिथे थोडं थांबा. ड्रायव्हर चालवत असेल तर मागची उजवी-डावी सीटही बघा, साहेब कुठे बसत होते ते तिथे कळतं.

विक्रेता म्हणतो, "एकही पॅनेल रंगवलेलं नाही." कसं तपासू?

पेंट गेज नावाचं छोटं यंत्र येतं, ते रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये दाखवतं. कंपनीचा रंग साधारण ९० ते १६० मायक्रॉनच्या दरम्यान असतो. दोनशे-तीनशे आले तर पॅनेल पुन्हा रंगवलेलं आहे. पाचशेच्या वर गेले तर खाली पुट्टी आहे.

चुंबकाची जुनी युक्ती इथे फसवते. पाच-सहा वर्षांपूर्वी एक काका खिशातून फ्रिजचा चुंबक काढून बीएमडब्ल्यू ५ सिरीजच्या बोनेटला लावत होते. तो चिकटेना, आणि ते विक्रेत्यावर खवळले. २०१० नंतरच्या त्या पिढीचं बोनेट, पुढचे फेंडर आणि दारं अॅल्युमिनियमची आहेत, तिथे चुंबक चिकटणारच नाही. २०१२ नंतरच्या मोठ्या रेंज रोव्हरचा तर अख्खा सांगाडाच अॅल्युमिनियमचा. गेज घेताना तो लोखंड आणि अॅल्युमिनियम दोन्ही मोजणारा आहे ना, हे बघून घ्या.

तरी बंपर आणि एखादं दार रंगवलेलं असणं हा आपल्या रस्त्यांवर गुन्हा धरू नका. लक्ष्मी रोडवर सात वर्षं चाललेली आणि एकही ओरखडा नसलेली गाडी मला जास्त संशयास्पद वाटते. बघायचं ते सांगाड्याकडे: बोनेट उघडून दोन्ही बाजूंचे एप्रन (चाकांवरचा आतला पत्रा), दारांच्या रबराखालचे पिलर (छत धरणारे खांब), डिकीत स्टेपनीच्या खालचा पत्रा. कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर असतात, गॅरेजचे नसतात. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालेला असेल तर बोनेट निघालंय. काचांवर गाडी बनवणाऱ्याचं चिन्ह आहे का बघा. एकाच काचेवर नसेल तर ती का बदलली, हा प्रश्न रास्त आहे.

पहिलाच आदेश: ओली गाडी बघू नका. माझी स्वतःची पहिली सी-क्लास मी जूनच्या एका संध्याकाळी, पाऊस थांबल्यावर, दिव्याखाली बघून घेतली होती. काय चमकत होती! दुसऱ्या दिवशी उन्हात उजवी बाजू वेगळ्याच चंदेरी रंगाची निघाली.

एअरबॅग उघडून पुन्हा बसवल्या असतील तर?

चावी दिल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझायला हवा. तो अजिबातच न लागणं वाईट. काही महाभाग तो दिवा दुसऱ्या दिव्याच्या वायरला जोडून देतात, म्हणजे विझतो मात्र खरा. स्कॅनरवर एअरबॅगचं मॉड्यूल बोलतंय का ते बघा. डॅशबोर्डचा पोत प्रवाशाच्या बाजूला वेगळा वाटतो का, हात फिरवून बघा.

पुरात बुडालेली गाडी ओळखता येते का?

येते, पण नाकाने आणि हाताने. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून आपल्याकडे लोक हा प्रश्न विचारू लागले. २०१५ चं चेन्नई, २०१९ चं कोल्हापूर-सांगली, २०२१ चं चिपळूण या प्रत्येक पुरानंतर अशा गाड्या बाजारात येतात. त्या बुडाल्या तिथे सहसा विकल्या जात नाहीत, दोन-तीन जिल्हे किंवा एखादं राज्य ओलांडून येतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण निकामी, धरते. अशी गाडी लिलावात जाते, आणि कुणीतरी ती उभी करून पुन्हा आणतो.

लक्झरी गाडीत हे जास्त घातक ठरतं, कारण बरीचशी मॉड्यूल्स सीटखाली, कार्पेटखाली आणि डिकीच्या तळाशी असतात. पाणी ओसरल्यावर गाडी चालते, सहा महिने छान चालते, आणि मग आतल्या जोडण्या हिरव्या पडून एकेक दिवा पेटायला लागतो.

एका पांढऱ्या एसयूव्हीची गोष्ट सांगतो. बेसमेंटमध्ये उभी, आत मोगऱ्याचं अत्तर इतकं की शिंका आल्या. कार्पेट नवं, सीट चकाचक, इंजिन धुतलेलं. मी मागच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढत राहिलो, पार शेवटपर्यंत. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चहाच्या रंगाची आडवी रेघ होती. गाडी सगळे धुतात, पट्टा शेवटपर्यंत ओढून कुणी धुत नाही. मालक म्हणाला, मुलाने चॉकलेट सांडलं असेल. मी दुसरा पट्टा ओढला. तिथेही त्याच उंचीवर चॉकलेट!

याशिवाय सीटच्या रुळांवरचा गंज, सीटखालच्या बोल्टवरची लाल पावडर, स्टेपनीच्या खड्ड्याच्या कोपऱ्यातला वाळलेला गाळ आणि हेडलाइटच्या आतली ओल बघा. एसीचा फक्त पंखा चालू ठेवून पाच मिनिटं काचा बंद करून बसा. अत्तर हरतं. आणखी एक: सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या पानांनी तुंबल्या तरी पायाखाली पाणी येतं. तेव्हा नुसती ओल दिसली म्हणून लगेच पुराचा आरोप करू नका, रेघ आणि गाळ शोधा.

इंजिन कसं तपासावं? मला त्यातलं काही कळत नाही.

सकाळी सातला जा आणि आदल्या रात्रीच सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर नमस्कार करून परत या, किंवा निदान दुसऱ्या दिवशी या. गरम इंजिन आपले आजार लपवतं.

सुरू करताना पहिले पाच सेकंद कान द्या. साखळी खडखडल्यासारखा आवाज येऊन थांबला तर लिहून ठेवा. बाहेर उभ्या माणसाला धूर बघायला सांगा. निळसर म्हणजे तेल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा म्हणजे कूलंट जळतंय. थंडीत सुरुवातीची वाफ येते तिला घाबरू नका. काळा असेल तर इंजेक्टर किंवा टर्बोकडे शंका जाते.

दहा मिनिटांनी स्कॅनर लावा. एकही एरर नाही म्हणून खूश होऊ नका. एरर उडवल्यापासून गाडी किती किलोमीटर चाललीय, हेही बहुतेक स्कॅनर सांगतात. तिथे ६ किलोमीटर दिसलं तर सकाळी कुणीतरी साफसफाई केली आहे.

कोणती इंजिनं टाळावीत?

टाळा म्हणणार नाही, पैसे बाजूला ठेवून घ्या म्हणेन. बीएमडब्ल्यूचं २००७ नंतरचं एन४७ डिझेल, जे जुन्या ३२० डी आणि ५२० डी मध्ये येतं, त्याची टायमिंग चेन (इंजिनचे आतले भाग एका तालात ठेवणारी साखळी) इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ती वाजायला लागली की चेनपर्यंत पोचण्यासाठीच भलतं काम उघडावं लागतं. चेन बदलल्याचं बिल असेल तर अशी गाडी उलट चांगली खरेदी ठरते.

ऑडीचं २०१२ पर्यंतचं १.८ आणि २.० टीएफएसआय पेट्रोल तेल पितं, दोष पिस्टन रिंगांचा. त्या काळातल्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच ए४ मध्ये मल्टिट्रॉनिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. तो हळू चालवताना धक्के देत असेल तर बोलणी तिथेच संपवा. ऑडीने भारतात एप्रिल २०२० नंतर डिझेल गाड्या विकल्याच नाहीत, त्यामुळे २०२१ ची डिझेल ऑडी कुणी दाखवली तर आरसी नीट वाचा.

गिअरबॉक्सचं तेल "लाइफटाइम" असतं म्हणे?

कुणाच्या लाइफचं, हे ब्रोशरात लिहिलेलं नसतं. बीएमडब्ल्यू, जॅग्वार, लँड रोव्हरमध्ये दिसणारा आठ गिअरचा झेडएफ गिअरबॉक्स ज्यांनी बनवला, ते स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला तेल बदलायला सांगतात. चालवून बघताना गाडी पूर्ण गरम होऊ द्या, मग गर्दीत मुंगीच्या चालीने चालवा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमधला झटका तिथेच कळतो. रिव्हर्समधून ड्राइव्हला टाकल्यावर सेकंदभरात गाडीने पकड घ्यायला हवी.

मी पुण्यात एकच रस्ता ठरवलाय. आधी गाणी आणि एसी बंद, काचा खाली, आणि खराब गल्ली. मग कात्रजचा घाट चढून उतरायचा. शेवटी हायवेवर ऐंशी-नव्वदला स्टिअरिंगवरची पकड सैल करून गाडी कुठे ओढतेय ते बघायचं.

एअर सस्पेन्शनची भीती वाटते.

वाटायला हवी. एस-क्लास, जीएल, रेंज रोव्हर आणि काही क्यू७ मध्ये ते असतं. गाडी रात्रभर उभी राहिली पाहिजे. सकाळी एक कोपरा बसलेला दिसला तर हवा गळतेय, आणि त्या गळतीपायी जास्त चालून कॉम्प्रेसरही थकलेला असतो. तीच सकाळची भेट इथेही उपयोगी पडते.

टायरचं वय कुठे लिहिलेलं असतं?

बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांवरचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचा. बीएमडब्ल्यूत बऱ्याचदा रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर असतात, स्टेपनीच नसते, आणि त्यांचा भाव वेगळा असतो. चार टायर चार वेगवेगळ्या कंपन्यांचे दिसले तर मालकाने बाकी खर्चही असाच केला असेल, असं मी धरून चालतो.

डिझेल घेऊ की पेट्रोल?

रोज कोथरूड ते डेक्कन आठ किलोमीटर जाणार असाल तर पेट्रोल. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेलमध्ये धूर गाळणारा डीपीएफ असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर पळावी लागते. महिन्यातून दोनदा नाशिक किंवा कोल्हापूर होत असेल तर डिझेल बिनधास्त घ्या.

दिल्लीची तीच गाडी पाच लाखांनी स्वस्त आहे. आणू का?

स्वस्त का आहे ते आधी समजून घ्या. २०१५ चा हरित लवादाचा आणि २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, यांमुळे दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर गदा आली. न्यायालयात त्यात पुढे बदल होत राहिले, पण भाव पडले ते पडलेच. गाडी वाईट असतेच असं नाही.

पण हिशोब पूर्ण करा. तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, इथे नव्याने नोंदणी, वयानुसार कमी झालेला पण तरीही जाड रोड टॅक्स, वाहतूक, एजंट, आणि तिथे जाऊन तपासणी. तिथला टॅक्स परत मिळू शकतो, पण तो ज्याच्या नावावर भरला त्याच्यामार्फत मागावा लागतो. विकलेल्या गाडीसाठी तो माणूस तुमचे फोन किती दिवस उचलेल? पाच लाखांतले दोन उरतात, कधी तेही नाही. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी इथे ठेवता येत नाही, हेही एजंट सांगत नाही.

कागद कोणते बघायचे?

एम-परिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकून मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी चालू आहे का, हे बघा. कर्ज फिटलेलं असलं तरी बोजा आरसीवरून उतरवला नसेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३०. ई-चलान किती थकलीत ते तपासा. या गाड्यांवर वेगाची चलानं ढिगाने असतात आणि ती गाडीसोबत तुमच्या दारी येतात: घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागलीय का, तेही बघा. चेसिस नंबर कागदाशी स्वतः जुळवा, फोटोवरून नको.

विक्रेत्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसासोबत जातो. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमाही नावावर करायला अर्ज द्या. नाहीतर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

डीलर म्हणतो, जीएसटी वेगळा लागेल.

नोंदणीकृत डीलरला जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण तो त्याच्या नफ्यावर, पूर्ण किमतीवर नाही. वीस लाखांवर अठरा टक्के मागणाऱ्याला फक्त "बिल दाखवा" म्हणा. दोन खासगी माणसांच्या व्यवहारात जीएसटी नाही. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणं कायद्यानेच बंद आहे, तेव्हा "निम्मे कॅश द्या, भाव कमी करतो" याला भुलू नका.

कंपनीच्या प्रमाणित जुन्या गाड्या जास्त महाग का?

वॉरंटीचे पैसे असतात ते. पहिल्यांदाच लक्झरी गाडी घेत असाल आणि ओळखीचं चांगलं गॅरेज नसेल तर तो फरक द्या. वॉरंटीत काय येत नाही ते पान मात्र वाचा. सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक्स वगळलेलं असेल तर मग तुम्ही विकत काय घेतलंत?

टोकन कधी द्यावं?

तपासणीनंतर. घाई असेल तर थोडकं द्या आणि व्हॉट्सअॅपवर एक ओळ लिहून घ्या: तपासणीत अपघात, पूर किंवा मीटरची गडबड निघाली तर टोकन परत. ही ओळ लिहायला नकार देणाऱ्या दोघांच्या गाड्या मी आजवर तपासल्या. दोन्ही वेळा नकाराचं कारण गाडी गॅरेजच्या लिफ्टवर चढवल्यावर सापडलं.

घेतल्यावर वर्षाला खर्च किती धरू?

गाडीच्या किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बँकेत वेगळी ठेवा. सगळी जमापुंजी गाडीत घालून घेणाऱ्यांना मी सरळ एक पायरी खालची गाडी सुचवतो. त्यांना राग येतो, चालतंय.

पितृपक्षात भाव उतरतात हे खरं का?

खरं आहे. गणपती गेले की पंधरा दिवस डीलरचे फोन वाजत नाहीत. नवरात्र सुरू झालं की दसऱ्याचा मुहूर्त गाठायला सगळे एकदम येतात आणि कुणी घासाघीस करत नाही. तपासणी, बोलणी आणि टोकन पितृपक्षात उरका. गाडीचा ताबा घटस्थापनेला घ्या, म्हणजे घरचेही खूश.